पाडायची भिंत आणि राखायची भिंत

रविवारचे मनन : लॅटरन महामंदिराचा समर्पण दिन (९ नोव्हेंबर)
पहिले वाचन : यहेज्केल ४७:१-२, ८-९, १२
दुसरे वाचन : करिंथकरांस पहिले पत्र ३:९-११, १६-१७
शुभवर्तमान : योहान २:१३-२२



आज रविवार असूनही आपण सामान्य काळातील रविवारची उपासना करत नाही. आज आपण एका इमारतीचा सण साजरा करत आहोत. ९ नोव्हेंबर हा रोममधील लॅटरन महामंदिराचा समर्पण दिन. ही तारीख रविवारी आली की रविवारच्या उपासनेची जागा हा सण घेतो. पुष्कळांना वाटते की पोप महाशयांचे मुख्य मंदिर म्हणजे संत पेत्राचे महामंदिर. तसे नाही. रोमचे बिशप या नात्याने पोप महाशयांचे आसन लॅटरन येथे आहे. म्हणूनच त्या मंदिराला जगातील सर्व ख्रिस्तमंदिरांची माता म्हणतात. परंपरेनुसार इ. स. ३२४ साली पोप संत सिल्व्हेस्टर यांनी त्याचे समर्पण केले. भूकंपाने ते मंदिर पडले, चौदाव्या शतकात दोनदा आगीत सापडले, आणि प्रत्येक वेळी त्याच जागी पुन्हा उभे राहिले.

तेव्हा आज बांधकामाविषयी बोलू या. संत पौलसुद्धा आजच्या दुसऱ्या वाचनात बांधकामाविषयीच बोलतो. तो करिंथच्या लोकांना सांगतो, तुम्ही देवाची इमारत आहात. मी कुशल गवंड्याप्रमाणे पाया घातला आहे. आता त्यावर जो तो बांधतो आहे, पण कसे बांधतो याविषयी ज्याने त्याने जपून असावे. पौल बांधू नका असे म्हणत नाही, जपून बांधा असे म्हणतो. आजच्या मननाचा विषय हाच आहे.

कॅनडातले तळघर

आपल्या वसईतून कॅनडात गेलेली कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत. त्यांच्यापैकी एक गृहस्थ सुट्टीत गावी आले होते तेव्हा मला भेटायला आले. टोरँटो शहरात त्यांनी शंभर वर्षांचे जुने विटांचे घर घेतले आहे. तिकडे घराखाली तळघर असतेच. कडक थंडीत तिथली जमीन गोठते, फुगते आणि घराला वर उचलते. त्यामुळे पाया निदान चार फूट खोल घ्यावाच लागतो. एवढे खणायचेच आहे तर आणखी थोडे खणून खोली का करू नये, असा तो हिशेब.

या घराचे तळघर मात्र अर्धेच होते. मागचा भाग पुरता खणलेला, माणूस ताठ उभा राहील असा. पुढच्या भागात माती तशीच ठेवलेली, वर फक्त सरपटत जाता येईल एवढी पोकळी. आणि मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, चार फूट उंचीची एक जुनी भिंत.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार, त्यांना स्वतंत्र खोली हवी, म्हणून यांनी ठरवले की मधली भिंत काढायची, मागची माती उपसायची आणि तळघर दुप्पट करायचे. हेतू चांगलाच होता. त्यांनी स्वतः विजेरी घेऊन भिंत तपासलीसुद्धा. भिंतीचा माथा वरच्या तुळयांना कुठेच टेकलेला नव्हता. मध्ये हातभर फट होती. "फादर, मी म्हटले, हिच्यावर तर काहीच भार नाही. नुसती जागा अडवून उभी आहे. ओळखीचा एक काम करणारा म्हणाला, शनिवारी सकाळी या, दुपारपर्यंत पाडून देतो."

सुदैवाने पत्नीने हट्ट धरला की आधी इंजिनियरला दाखवा. तिकडे अशा कामाला नगरपालिकेची परवानगीही लागते. इंजिनियर आला, भिंतीकडे पाहिले आणि त्याने एकच प्रश्न विचारला, "ही भिंत इथे का बांधली, याची चौकशी तुम्ही केली का?"

मग त्याने समजावून सांगितले. भिंती दोन रीतींनी भार पेलतात. एक भार वरून येतो, छताचा, मजल्याचा. तो डोळ्यांना दिसतो. दुसरा भार बाजूने येतो. तो दिसत नाही. या भिंतीच्या डोक्यावर काही नव्हते हे खरेच, पण तिच्या पाठीला माती होती. एक घनमीटर मातीचे वजन पावणेदोन-दोन टनांच्या घरात जाते, भिजली की आणखी वाढते. आणि ती माती नुसती पडून नव्हती. घराच्या पुढच्या भागाचा पाया उथळ होता, तो त्याच मातीवर टेकलेला होता. पायाचा भार सरळ खाली जात नाही, खाली जाताना तो दोन्ही बाजूंना पसरत जातो. म्हणजे ती चार फुटी भिंत मातीला धरून होती, माती पायाला धरून होती, आणि पाया घराला धरून होता. शनिवारी दुपारपर्यंत भिंत पडली असती. घर कदाचित त्या दिवशी पडले नसते. वसंतात बर्फ वितळून माती भिजली असती, आणि मग समोरच्या भिंतीला तडे गेले असते.

आणखी एक गोष्ट इंजिनियरने सांगितली, ती मला फार महत्त्वाची वाटते. मातीचा दाब खोलीबरोबर वाढत जातो. धरून ठेवायच्या मातीची उंची दुप्पट झाली तर भिंतीवरचा एकूण दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो.

अशा भिंतीला आपण संरक्षक भिंत म्हणतो. डोंगरउतारावर, रस्त्याच्या कडेला आपण ती पाहतो. आपल्या वाडीतला बांधसुद्धा त्याच कुळातला. पावसात बांध फुटला की काय होते हे वसईच्या शेतकऱ्याला शिकवायला नको.

एकाच मंदिरातल्या दोन भिंती

आता आजच्या शुभवर्तमानाकडे वळू. प्रभू येशू यरुशलेमच्या मंदिरात जातो. तिथे गुरे, मेंढरे, कबुतरे विकणारे आणि नाणी बदलून देणारे बसलेले आहेत. येशू दोऱ्यांचा कोरडा करून सर्वांना बाहेर काढतो. यहुदी त्याला म्हणतात, हे मंदिर बांधायला सेहेचाळीस वर्षे लागली, आणि तू ते तीन दिवसांत उभारणार?

सेहेचाळीस वर्षे कशाला लागली? हेरोद राजाने मंदिराचे आवार वाढवायला घेतले होते. टेकडीचा माथा अपुरा पडत होता. म्हणून त्याने टेकडीच्या चारही अंगांना प्रचंड दगडांच्या संरक्षक भिंती उभारल्या, आतल्या बाजूस भराव व कमानी घालून सपाट जागा तयार केली, आणि त्यावर मंदिराचे विस्तीर्ण आवार केले. इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केले. पण त्या संरक्षक भिंतींचा मोठा भाग उभा राहिला. आज यरुशलेममध्ये यहुदी बांधव ज्या भिंतीपाशी उभे राहून प्रार्थना करतात, ती पश्चिम भिंत म्हणजे मूळ मंदिराची भिंत नव्हे. ती टेकडीवरची माती धरून ठेवणारी हीच संरक्षक भिंत. मंदिर गेले, पण भराव धरणारी भिंत दोन हजार वर्षे उभी आहे.

त्याच मंदिरात दुसरीही एक भिंत होती. ती छोटी होती, दगडी कठड्यासारखी. बाहेरच्या अंगणात कोणालाही येता येत असे, पण त्या कठड्याच्या पलीकडे यहुदी नसलेल्या माणसाने पाऊल टाकायचे नाही. टाकले तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार, अशी ग्रीक भाषेतली सूचना दगडात कोरून लावलेली होती. तसा एक दगड १८७१ साली सापडला. तो आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. संत पौलाला मंदिरात पकडले ते याच कठड्यावरून. इफिसच्या त्रफिम नावाच्या माणसाला त्याने आत नेले, असा लोकांचा समज झाला होता. आणि त्याच इफिस नगरीच्या नावे असलेल्या पत्रात आपण वाचतो की ख्रिस्त हाच आपली शांती आहे, त्याने दोघांमधली आडभिंत पाडून टाकली आहे.

बंधू-भगिनींनो, मंदिर एकच, भिंती दोन. एक माणसाला माणसापासून तोडणारी, दुसरी मातीला धरून ठेवणारी. पहिली ख्रिस्ताने स्वतःच्या देहाने पाडली. दुसरीला त्याने हात लावला नाही. आपल्या आयुष्यातली अडचण अशी की आपण नेमके उलटे करतो. जी पाडायची ती राखतो, आणि जी राखायची ती पाडतो.

माझी चूक

हे मी दुसऱ्यांना सांगण्यापूर्वी माझ्याविषयी सांगितले पाहिजे. पुढची गोष्ट ज्यांची आहे त्यांची परवानगी घेऊन आणि ओळखीच्या खुणा वगळून सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो तिथे एक गृहस्थ होते. तरुणपणी दारूने त्यांचे घर रस्त्यावर आणले होते. मग ते सुधारले, आणि अकरा वर्षे एक थेंब घेतला नाही. त्यांचे काही नियम होते. लग्नाला देवळात यायचे, नवरा-नवरीला आशीर्वाद द्यायचे, आणि मांडवात ग्लास फिरू लागायच्या आत घरी निघायचे. पगार आणून पत्नीच्या हातात द्यायचा. दर शनिवारी मद्यमुक्तीच्या सभेला जायचे, मग पाऊस असो की घरी पाहुणे असोत. लोक हसत. "एवढी वर्षे झाली, आता काय होतंय?" असे म्हणत. काहींना तो अहंकार वाटे.

एका लग्नात ते निघाले असता मीच त्यांचा हात धरला. पुतणीचे लग्न होते, घरचे कार्य. मी म्हणालो, "अहो, आजच्या दिवशी तरी थांबा. सगळे वाट पाहताहेत. इतके कडक वागून कसे चालेल? देवाने तुम्हाला मोकळे केले आहे ना?" फादर सांगताहेत म्हटल्यावर ते थांबले. जेवले, गाणी ऐकली, सरबत घेऊन घरी गेले. मला समाधान वाटले. एका माणसाला मी त्याच्या आप्तांत परत आणले, असे मी मनाशी म्हटले.

त्या रात्री काही झाले नाही. भिंत पाडली म्हणून माती त्याच रात्री घसरत नाही. ती पहिल्या पावसाची वाट पाहते. त्यानंतर ते दुसऱ्या लग्नाला थांबले, तिसऱ्याला थांबले. शनिवारची सभा एकदा चुकली, मग वरचेवर चुकू लागली. चार महिन्यांनी त्यांचा थोरला भाऊ अचानक वारला. त्या दुःखाच्या रात्री कोणीतरी ग्लास पुढे केला, आणि या खेपेला अडवायला मध्ये काहीच नव्हते.

पुढची दोन वर्षे त्या घराने जे भोगले ते मी इथे लिहीत नाही. त्यांच्या पत्नी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाल्या, "फादर, लोकांना ते नियम जाच वाटायचे. मला ठाऊक होते, त्या नियमांच्या मागे काय दडलेले आहे."

टोरँटोच्या त्या गृहस्थांनी निदान विजेरी घेऊन भिंत तपासली होती. मी तेही केले नाही. भार वरून दिसत नाही म्हणून भिंत रिकामी आहे, असे मी समजलो. ही भिंत इथे का आहे, हा प्रश्न मी विचारला नाही.

आपल्या घरातल्या भिंती

आपल्या घरांतही अशा भिंती आहेत. संध्याकाळची जपमाळ घ्या. मुलांचे क्लास असतात, टीव्ही असतो, मोबाईल असतो, माणसे उशिरा घरी येतात. "अर्धा तास जातो, त्यातून मिळते काय?" असे आपण म्हणतो आणि ती सोडून देतो. पहिल्या महिन्यात खरोखरच काही बिघडत नाही. उलट वेळ मोकळा मिळतो, घर मोठे झाल्यासारखे वाटते. पण त्या अर्ध्या तासात सगळे घर एका जागी बसत होते. ज्याच्याशी दुपारी भांडण झाले त्याच्या शेजारी बसून 'आमच्या अपराधांची क्षमा कर' म्हणावे लागत होते. ती भिंत भांडणाची माती धरून होती. माती साचते, दिसत नाही, आणि एक दिवस वाटणीच्या वेळी कोसळते.

रविवारची मिस्सा, रात्रीचे एकत्र जेवण, नवऱ्याने बायकोला पैशांचा हिशेब उघडा ठेवणे, वडीलधाऱ्यांना विचारून पाऊल टाकणे, वर्षातून दोन-तीनदा तरी पापनिवेदनाला जाणे, या सगळ्या गोष्टी दिसायला रिकाम्या उभ्या आहेत. त्यांच्या माथ्यावर काही ठेवलेले दिसत नाही. तरुण मुलामुलींना वाटते, हे काढले तर किती जागा होईल! त्यांना मी रागावत नाही. मी त्यांना इंजिनियरचा प्रश्न विचारतो. ही भिंत इथे का आहे, हे आपण आजीला विचारले का?

आणि दाबाचा हिशेब लक्षात ठेवा. आपली घरे मोठी झाली, पगार वाढले, हातात फोन आले, जागेला भाव आले. जितके खोल खणावे तितका मातीचा दाब वाढतो, आणि तोही दुपटीने नव्हे, चौपटीने. आपल्या आजोबांना मोहाची जी उंची धरून ठेवावी लागत होती, तिच्यापेक्षा आपली उंची मोठी आहे. म्हणजे आपल्याला त्यांच्यापेक्षा मजबूत भिंत लागेल, कमी नव्हे.

इमारतीच्या बाबतीत आपण हे डोळ्यांनी पाहिले आहे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला चार मजल्यांची इमारत कोसळली आणि १७ माणसे गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांत आधाराला धक्का लागला, असा आरोप त्या वेळी झाला.  कुटुंबातही तसेच होते. भिंत एक जण पाडतो, पण ती कोसळते वरच्या मजल्यावरच्या लेकरांवर.

मग पाडायचे काय?

कोणी म्हणेल, फादर, मग जुने ते सगळे जपून ठेवायचे का? नाही. येशूने आज मंदिरात कोरडा उचलला तो काही हलवूच नका हे शिकवण्यासाठी नव्हे. पाडायच्या भिंती आपल्याकडे भरपूर आहेत.

विहिरीच्या पाण्यावरून, वाटेच्या दोन फुटांवरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत. एकाच रांगेत उभे राहून ख्रिस्तशरीर घेतात आणि देवळाच्या पायऱ्यांवर तोंडे फिरवतात. सामवेदी, वाडवळ, कोळी, सगळे एकाच पाण्याने बाप्तिस्मा घेतलेले, पण सोयरीक निघाली की 'आपल्यातले नाहीत' हा शब्द ओठांवर येतो. नव्याने उभ्या राहिलेल्या इमारतींत दुसऱ्या प्रांतांतून, दुसऱ्या भाषेचे ख्रिस्ती कुटुंब राहायला येते, दोन वर्षे मिस्सेला शेवटच्या बाकावर बसते, आणि त्यांचे नाव आपल्याला ठाऊक नसते. हा मंदिरातला कठडाच आहे. सूचना दगडात कोरलेली नाही, एवढाच फरक.

कुठली भिंत कुठली हे ओळखायचे कसे? मला सुचलेली साधी कसोटी अशी. भिंतीच्या पलीकडे जाऊन पाहा. पलीकडे माणूस उभा असेल, तर ती आडभिंत आहे. ख्रिस्ताच्या नावाने पाडा. पलीकडे माझीच माती असेल, माझा राग, माझी वासना, माझा लोभ, माझे व्यसन, तर ती संरक्षक भिंत आहे. तिला हात लावण्यापूर्वी दहादा विचार करा. आणि ती भिंत दुसऱ्याची असेल, तर मी केले तसे करू नका. त्याची माती त्यालाच ठाऊक असते.

राखायच्या भिंतीविषयीही एक सावधगिरी हवी. चांगला गवंडी संरक्षक भिंत बांधताना तिच्यात ठिकठिकाणी भोके ठेवतो. मागे साचणारे पाणी त्यातून निघून जाते. भोके नसलेली भिंत कितीही जाड असो, पाणी तुंबले की फुगते आणि कोसळते. घरात नियम आहेत, पण मुलाला बोलायची मुभा नाही; मुलगी उशिरा का आली हे विचारले जाते, पण तिचे उत्तर ऐकले जात नाही. अशा घरातले पाणी कुठे जाणार? पहिल्या वाचनात संदेष्टा यहेज्केल पाहतो की मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी वाहत बाहेर येत आहे. ते जिथे जाते तिथे खारा समुद्र गोडा होतो, काठावरच्या झाडांना दर महिन्याला फळे येतात, आणि त्यांची पाने औषधाला लागतात. देवाच्या घराला भिंती आहेत, आणि पाण्याला वाटही आहे. नियम आणि दया दोन्ही असतील तर घर टिकते.

तुकड्या-तुकड्यांनी

टोरँटोच्या त्या घराचे पुढे काय झाले? तळघर मोठे झाले. इंजिनियर नको म्हणाला नव्हता, असे नको म्हणाला होता. त्याने रीत सांगितली. आधी घराच्या बाहेरच्या भिंतींखाली खोल नवा पाया घालायचा. पण एकदम नाही. सगळी लांबी तीन-तीन फुटांच्या तुकड्यांत वाटायची. एक तुकडा खणायचा, त्याच्या शेजारच्या दोघांना हात लावायचा नाही, कारण त्या वेळी घर त्यांच्यावर उभे असते. खणलेल्या जागी काँक्रीट भरायचे, ते घट्ट होईपर्यंत दिवस मोजायचे, जुन्या पायाखाली राहिलेली दोन-तीन इंचांची फट कोरडसर सिमेंट-रेतीने ठासून भरायची. मग दूरचा दुसरा तुकडा घ्यायचा. सगळा पाया खाली पोहोचल्यावर, अगदी शेवटी, मधली भिंत. शनिवारच्या अर्ध्या दिवसाचे काम तीन महिने चालले. आई-बाबा एक हिवाळा उशिरा गेले. पण त्यांच्या खोलीच्या भिंतीला तडा नाही.

जपून खणले तर खाली काय सापडेल हेही सांगता येत नाही. १९३९ साली पोप अकरावे पायस यांच्या निधनानंतर संत पेत्राच्या महामंदिराखालच्या तळघरात जागा अपुरी पडत होती. पोप बारावे पायस यांनी तिथली जमीन खोल करून तळघर वाढवायला सांगितले. खणताना जुन्या कबरी लागल्या. मग जवळजवळ दहा वर्षे सावकाश उत्खनन चालले, आणि २३ डिसेंबर १९५० रोजी पोप महाशयांनी जगाला सांगितले की संत पेत्राची कबर सापडली आहे. जागा हवी म्हणून खणायला घेतले, आणि हाती पाया लागला.

आणि ते गृहस्थ? तेही परत आले. मोठी शपथ घेऊन, देवळात जाहीर करून नव्हे. मद्यमुक्तीच्या सभेत शिकवतात तसे, फक्त आजचा दिवस. एक दिवस भरायचा, तो घट्ट होऊ द्यायचा, मग दुसरा. शनिवारची सभा पुन्हा सुरू झाली. पगार पुन्हा पत्नीच्या हातात जाऊ लागला. लग्नात ते पुन्हा ग्लास फिरायच्या आत निघू लागले. मी त्यांची क्षमा मागायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "फादर, त्या दिवशी तुम्ही चुकलात. पण पायऱ्या मीच उतरलो. आता तुम्ही एक करा. यापुढे मी लग्नातून निघालो की मला फाटकापर्यंत सोडायला या." त्या धर्मग्रामात असेपर्यंत मी जात होतो.

मला वाटते, ख्रिस्तसभा म्हणजे हेच. पोप तिसरे इनोसंट यांच्या स्वप्नाची कथा आपण ऐकली आहे. लॅटरनचे महामंदिर कलते आहे, आणि एक गरीब, साधा माणूस आपला खांदा लावून ते सावरतो आहे. तो माणूस म्हणजे असिसीचा संत फ्रान्सिस. कलणाऱ्या भिंतीला नावे ठेवणारे पुष्कळ असतात. देवाला खांदा लावणारा माणूस हवा असतो.

भिंती शेवटी भिंतीच आहेत, पाया नव्हेत. पौल स्पष्ट सांगतो की येशू ख्रिस्त हाच पाया, त्याच्यावाचून दुसरा कोणी घालू शकत नाही. त्याच्या देहाचे मंदिर माणसांनी मोडले आणि तिसऱ्या दिवशी देवाने उठवले. म्हणून ज्यांच्या घरात माती आधीच घसरली आहे, त्यांनी निराश होऊ नये. पाया शाबूत आहे. आजचा तीन फुटांचा तुकडा भरायला घ्या.

या आठवड्यासाठी

१. आपल्या घरातली कुठली सवय आपण 'रिकामी जागा अडवते' म्हणून गेल्या काही वर्षांत सोडली? ती कशाला धरून होती, हे जेवताना एकमेकांना विचारा.
२. ज्या एका माणसाशी आपले बोलणे बंद आहे, त्याच्याकडे या आठवड्यात एक पाऊल टाका.
३. दारू सोडलेल्या, किंवा सोडू पाहणाऱ्या माणसाला कुठल्याही कार्यात आग्रह करू नका. तो निघाला, तर त्याला फाटकापर्यंत सोडायला जा.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तूच आमचा पाया आहेस. माणसाला माणसापासून तोडणाऱ्या भिंती पाडण्याचे बळ आम्हाला दे. आमच्या दुबळेपणाला धरून ठेवणाऱ्या भिंती ओळखण्याची बुद्धी दे. ज्यांची घरे कलली आहेत त्यांना आमचा खांदा लाभो, आणि आमचे घर कलेल तेव्हा आम्हाला तुझा लाभो. आमेन.